येडशीचे उसने महत्त्व

एव्हरार्ड कॅलथ्रॉप यांची अडीच फुटी बार्शी लाइट रेल्वे १८९७ मध्ये बार्शीस व १९११ मध्ये लातूरास पोहोचली. जिल्ह्याचे मुख्य ठिकाण असलेले धाराशिव मात्र तिच्या वाटेवर नव्हते. तेथील प्रवाशास गाडीसाठी येडशी गाठावी लागे. इंग्रजी मुलखातील बार्शीची पेठ निजामी मुलखाशी जोडणाऱ्या या रुळांनी एका लहान गावास असे उसने महत्त्व दिले. पुढे रुंदीकरणात मार्ग धाराशिवकडे वळविला गेला आणि २००८ मध्ये कुर्डुवाडीपर्यंतचा रुंद मार्ग पुरा झाला. हे न्याय्यच, किंबहुना शतकभर उशिराचे. पण रेल्वेच्या जमाखर्चात येडशीचा तोटा धरावयास रकानाच नव्हता.