गळती शोधताना

पुणेकरांचा पाण्याशी संबंध नळाच्या वेळेपुरताच, असे बाहेरच्यांना वाटते. पण या शहराचे होड्यांशी जुने नाते आहे. मुळा-मुठेच्या काठचा रॉयल कॅनॉट बोट क्लब १८६८ सालचा, तर संगमाजवळच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाचा बोट क्लब १९२८ सालचा. नाशिक जिल्ह्यातल्या दुष्काळी गावातून सैन्यात आलेल्या दत्तू भोकनळने वल्हे हातात धरले ते पुण्यातच, आणि २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये तो तेरावा आला.

शर्यतीची एकट्याची होडी सुमारे आठ मीटर लांब असते, पण नियमाने तिचे वजन चौदा किलो असले तरी चालते. आपल्या घरच्या सिलिंडरमध्ये जेवढा गॅस असतो, जवळजवळ तेवढेच! अशा होडीत दहा लिटर पाणी शिरले, तर खेळाडू आणखी दहा किलोचे ओझे ओढत राहतो. त्याहून वाईट म्हणजे, होडी उलटली तरी बुडू नये म्हणून तिच्या दोन्ही टोकांना हवाबंद कप्पे असतात. गळती तिथे असेल, तर वरून काहीच दिसत नाही आणि ऐन वेळी आधारच नाहीसा होतो.

निवृत्तीनंतर नदीकाठी फिरताना एका शेडमध्ये हे दुरुस्तीचे काम पाहण्याचा मला नाद लागला. तिथला कारागीर आधी हत्याराला हातच लावत नाही. "साहेब, पाणी उताराला जमतं. भोक भलतीकडेच असतं," तो म्हणतो. होडी आतबाहेर कोरडी करून तो तिला घोडीवर ठेवतो, आत थोडेसे पाणी ओततो आणि एकेका भागाकडे कलते करून बाहेरून पाहत राहतो. जिथे ओल पाझरते तिथे पेन्सिलीची खूण. धरणांवर धावणाऱ्या वॉटर स्कूटरचेही असेच. पुष्कळदा तळ शाबूत असतो आणि पाणी येते ते मागच्या बुचातून किंवा इंजिनाच्या दांड्याभोवतीच्या सीलमधून.

मला आमची सहामाही आठवते. ताळेबंदात फरक आला की आम्ही आधी त्याला नऊने भागून पाहायचो. भाग गेला, तर बहुधा कोणीतरी ५४ च्या जागी ४५ लिहिलेले असायचे. फरक सस्पेन्स खात्यात टाकून घरी जाणे सोपे होते. पण चूक वहीत तशीच राहायची. होडीच्या चिरेवर वरून लांबी फासणे हे तसेच.

चीर सापडल्यावर जे होते ते पाहून नवख्याचा जीव खालीवर होतो. कारागीर ती आणखी मोठी करतो! तीन मिलिमीटर जाडीच्या फायबरला चिरेच्या दोन्ही बाजूंनी साडेतीन सेंटिमीटरपर्यंत बशीसारखा उतार देत घासतो. नव्या थराला धरायला तेवढी जागा लागते. मग पुन्हा वाळवणे, कारण ओलसर फायबरला रेझिन चिकटत नाही. ॲसिटोनने पुसून काचधाग्याच्या चटईचे तुकडे रेझिनमध्ये भिजवून एकावर एक बसवायचे आणि प्रत्येक थरातली हवा दाबून काढायची. नेहमीच्या पॉलिस्टर रेझिनला हार्डनर शेकडा एक ते दोन भागच. घाईने जास्त घातला, तर रेझिन तापते आणि तडकते.

एवढ्याशा चिरेसाठी एवढा खटाटोप कशाला, असे पुण्यात तरी कोणी विचारू नये. पानशेतच्या धरणातही पाण्याला वाट मिळाली ती पाणी सोडायच्या अपुऱ्या राहिलेल्या नळाच्या बाजूने. वरचा भराव खचू लागला. जवानांनी रात्रभर वाळूची पोती रचली, पण १२ जुलै १९६१ रोजी धरण फुटले. पोत्यांनी पुण्याला काही मोलाचे तास मिळवून दिले, एवढेच.

थर वाळला, घासला, रंगवला की काम संपले असे नाही. होडीत पुन्हा पाणी ओतले जाते, पण या वेळी कारागीर बाजूला उभा असतो. तपासायला शेजारचा मुलगा येतो. मी कारण विचारले. "ज्यानं बुजवलं, त्याला ओल दिसत नाही," तो म्हणाला.

बँकेत ज्याने नोंद केली त्यानेच ती पास करायची नाही, हा नियम मी छत्तीस वर्षे पाळला. त्याचे इतके सोपे कारण मला तिथे कोणी सांगितले नव्हते.