वीस पडले, पण कोणावर?

इनिशिएटिव्हची गोष्ट आज सांगायची ठरली होती. ती पुढे ढकलतो, कारण क्रिटिकलच्या लेखावर एका वाचकानं माझ्या आवडत्या वादालाच हात घातलाय. ते विचारतात, 'वीसमुखी फाशावर वीस पडले की नुकसानीचे फासे दुप्पट. हे आपल्यालाही लागू आणि राक्षसांनाही. मग अन्याय कसला?'

'डंजन्स अँड ड्रॅगन्स'च्या २०१४च्या पाचव्या आवृत्तीतला साधा गॉब्लिन घ्या. हिट पॉइंट सात. पहिल्या लेव्हलचा फायटर लाँगसोर्डनं एक आठमुखी फासा अधिक तीन एवढं नुकसान करतो. चार किंवा जास्त पडले की गॉब्लिन आडवा. म्हणजे आठातल्या पाच वेळा साध्या फटक्यातच काम होतं आणि क्रिटिकलचा जादा फासा वाया जातो. मेलेल्याला आणखी किती मारणार?

आता उलट बाजू. गॉब्लिनचं नुकसान एक सहामुखी फासा अधिक दोन, आणि समोर सातच हिट पॉइंटची विझर्ड. साध्या फटक्यानं ती तिनांतून एकदा कोसळते. क्रिटिकल बसला तर छत्तिसांतून तीस वेळा. दोन्ही फाशांवर सहा आले तर नुकसान चौदा, तिच्या हिट पॉइंटच्या बरोबर दुप्पट. मग मरणाच्या दारातून परतायच्या डेथ सेव्हिंग थ्रोचीही संधी नाही, पात्र तिथेच संपलं.

शिवाय गॉब्लिन दोन-तीन फेऱ्यांचा पाहुणा. विझर्ड मात्र पुढच्या लढाईतही असते आणि त्याच्या पुढच्याही. शंभर हल्ले झेलणाऱ्याच्या वाट्याला सरासरी पाच वेळा वीस येणारच.

या खेळाच्या निर्मात्यांपैकी एक असलेल्या गॅरी गायगॅक्सला हा नियम रुचत नव्हता. एम. ए. आर. बार्करच्या 'एम्पायर ऑफ द पेटल थ्रोन'मध्ये १९७५ सालीच विसाला दुप्पट नुकसान होतं, पण १९७९च्या 'डंजन मास्टर्स गाइड'मध्ये गायगॅक्सनं त्याला थारा दिला नाही. त्याच्या लेखी हिट पॉइंट म्हणजे नुसतं रक्तमांस नव्हतं. कसब आणि नशीबही त्यातच मोजलेलं होतं. तिसऱ्या आवृत्तीनं २००० साली क्रिटिकल मूळ नियमांत घेतला, पण दुसऱ्यांदा फासा टाकून तो पक्का करायची अट घातली. २०२२च्या चाचणी-नियमांत तर राक्षसांचा क्रिटिकल चक्क काढून टाकला होता. २०२४च्या पुस्तकात तो पुन्हा हजर!

याहून वाईट म्हणजे कित्येक टेबलांवर चालणारा घरगुती नियम : एक पडला की तलवार हातातून निसटली. पाचव्या लेव्हलला फायटर एका फेरीत दोन हल्ले करतो, अकराव्याला तीन, विसाव्याला चार. एका हल्ल्यात एक पडण्याची शक्यता पाच टक्के, चारांत निदान एकदा पडण्याची साडेअठरा. म्हणजे कसलेला योद्धा शिकाऊ पोरापेक्षा जास्त वेळा शस्त्र पाडणार! आणि फायरबॉल टाकणारी विझर्ड? तिला हल्ल्याचा फासाच टाकायचा नसतो. वाचण्यासाठी फासे टाकतात ते समोरचे.

तेव्हा नियम दोन्हीकडे सारखा आहे एवढ्यानं भागत नाही. फासा कोणावर किती वेळा पडतो आणि हरल्यावर कोणाचं काय जातं, तेही मोजायला हवं. डीएमचा, म्हणजे खेळ चालवणाऱ्याचा, एक गॉब्लिन गेला तर गुहेत आणखी डझनभर बसलेले असतात. खेळाडूचं पात्र गेलं की त्याच्याबरोबर महिन्यांची गुंतवणूक जाते.

तरीही राक्षसांचा वीस कायमचा काढायला माझा विरोध आहे. भीती नसेल तर पळून जाण्यात, वाटाघाटी करण्यात मजा काय? माझ्या टेबलावर पहिल्या दोन लेव्हल राक्षसांना क्रिटिकल नाही, तिसरीपासून आहे, आणि हे पहिल्याच दिवशी सांगितलेलं असतं. ऐन लढाईत पडद्याआड फासा फिरवून दाखवलेली दया मला मान्य नाही. तलवार निसटायचा नियम मात्र कोणत्याच लेव्हलला नाही.

पटत नसेल तर पुढच्या खेळात दोन्ही बाजूंचे वीस वेगवेगळे लिहून ठेवा आणि त्यातले किती वाया गेले तेही. आकडे घेऊन भांडायला या. इनिशिएटिव्ह पुढच्या आठवड्यात, तुमचे आकडे आडवे आले नाहीत तर.