कामगारांचा खाडा

पोलादाच्या कारखान्यात पाळी बदलण्याची घटका मोठी बोलकी असते. भोंगा झाला की कचेरीतील कारकुनाने लेखणी खाली ठेवावी आणि घरची वाट धरावी, असा येथे प्रकार नाही. कोक भट्टीवर उभ्या असलेल्या माणसाला आपली जागा घेणारा दुसरा माणूस समोर येऊन उभा राहीपर्यंत तेथून हलता येत नाही. त्या भट्टीत दगडी कोळसा हवेवाचून सुमारे 1,000 अंश सेल्सिअसपर्यंत तापविलेला असतो. भट्टीच्या भिंती ज्या सिलिका विटांच्या बनलेल्या असतात, त्या विटा एकदा तापल्या की वर्षानुवर्षे निवू द्यावयाच्या नसतात. त्या निवल्या तर तडकतात आणि भट्टीच निकामी होते. झोतभट्टीचेही तसेच. दिवाळी असो की दसरा, तिचा अग्नी मालवत नाही. अशा ठिकाणी एक मनुष्य आला नाही, तर ‘आज एक जागा रिकामी राहिली’ एवढ्यावर भागत नाही. आठ तास उष्म्यात घालवून थकलेल्या दुसऱ्या माणसाला आणखी आठ तास तेथेच थांबावे लागते.

म्हणूनच गैरहजेरीच्या प्रश्नाचा विचार भिलाईच्या निमित्ताने करणे सोईचे आहे. सोव्हिएत संघाशी 2 फेब्रुवारी 1955 रोजी झालेल्या करारानुसार दुर्गजवळच्या या भातशेतीच्या मुलखात पोलादाचा कारखाना उभा राहिला. 4 फेब्रुवारी 1959 रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते त्याच्या पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. मुंबई-हावडा लोहमार्गावरील हे स्थान त्या वेळी मध्य प्रदेशात होते. 1 नोव्हेंबर 2000 पासून ते छत्तीसगढ राज्यात आहे. देशाच्या सर्व भागांतून माणसे येथे आली. त्यांत नागपूर-विदर्भाकडची मराठी कुटुंबेही होती. आजूबाजूच्या खेड्यांतील शेतकरी मात्र आरंभी बिचकत होते. भट्टी पेटण्यासाठी नरबळी लागतो, अशी वदंता गावोगाव पसरली होती. प्रचंड आणि अपरिचित बांधकामांविषयी अशा कंड्या पुष्कळ ठिकाणी उठत आलेल्या आहेत.

मराठी कामगाराच्या बोलीत गैरहजेरीला एक नेमका शब्द आहे, तो म्हणजे ‘खाडा’. हजेरीपटावरील त्या दिवसाच्या रिकाम्या खान्याबरोबरच त्यामुळे कापला जाणारा रोजही या शब्दात येतो. शास्त्रीय व्याख्या थोडी निराळी आहे. केंद्र सरकारच्या लेबर ब्युरोच्या गणनेत, काम उपलब्ध असताना आणि कामगाराने यावे अशी अपेक्षा असताना तो आला नाही, तर ती गैरहजेरी धरली जाते. मग त्याने रजा मंजूर करून घेतलेली असो वा नसो. साप्ताहिक सुटी, संप, टाळेबंदी आणि काम नसल्यामुळे दिलेली सक्तीची सुटी यांत मोडत नाहीत. हिशेब सोपा आहे. शंभर माणसांनी महिन्यात प्रत्येकी 25 पाळ्या भराव्यात अशी योजना असेल, तर एकूण पाळ्या 2,500 होतात. त्यांपैकी 250 बुडाल्या तर गैरहजेरी दहा टक्के झाली.

परंतु हा दहाचा आकडा व्यवस्थापकाला फारसे काही सांगत नाही. एक मनुष्य विषमज्वराने सलग वीस दिवस अंथरुणाला खिळला आणि दुसऱ्याने वर्षभरात वीस वेळा एकेक दिवस दांडी मारली, तर टक्केवारीच्या दृष्टीने दोघे सारखेच. भट्टीवरच्या फोरमनच्या दृष्टीने मात्र ते सारखे नाहीत, कारण पहिल्याच्या जागी काही आठवड्यांसाठी बदली माणूस नेमता येतो आणि दुसऱ्याची अनुपस्थिती पाळी सुरू होताना कळते. ही उणीव भरून काढण्यासाठी इंग्लंडात ‘ब्रॅडफर्ड गुणक’ नावाचे गणित रूढ झाले. गैरहजेरीच्या खेपांचा वर्ग करून त्याला एकूण दिवसांनी गुणावयाचे. एका खेपेत दहा दिवस गेले, तर गुणक दहा. दहा खेपांत एकेक दिवस गेला, तर गुणक एक हजार.

गणित चतुर आहे खरे, पण छत्तीसगढात ते डोळे मिटून वापरणे अन्यायाचे होईल. या प्रदेशात, तसेच आपल्या विदर्भातही, सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक विकार अनेक समाजांत आढळतो. रक्तातील तांबड्या पेशी कोयत्यासारख्या वाकड्या होतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, आणि रोग्याला हाडांत असह्य कळा सुरू होतात. हा झटका बहुधा काही दिवसांत ओसरतो, पण पुनःपुन्हा येतो. शरीरातील पाणी कमी होणे, अतिश्रम आणि थंडी ही त्याला निमित्त होतात. भट्टीजवळ घाम गाळणाऱ्या मनुष्याच्या अंगातील पाणी किती झपाट्याने कमी होत असेल, हे सांगावयास नको. असा कामगार वर्षातून आठ-दहा वेळा दोन-दोन दिवस घरी राहिला, तर ब्रॅडफर्डच्या गणितात तो अट्टल कामचुकार ठरेल! 2023 साली या विकाराच्या निर्मूलनासाठी राष्ट्रीय मोहीम सुरू झाली आहे. अशा माणसाला रक्ततपासणी, हाताशी पिण्याचे पाणी आणि कमी उष्म्याच्या जागी बदली मिळाली, तर त्याचे खाडे कितीतरी कमी होतील. नुसत्या ताकिदीच्या चिठ्ठीने त्याचा झटका टळत नाही.

कामगार का येत नाही, या प्रश्नाला पूर्वीपासून एक ठराविक उत्तर दिले जाते. तो मूळचा शेतकरी, घड्याळाच्या शिस्तीची त्याला सवय नाही, गावाची ओढ त्याला कारखान्यात टिकू देत नाही, असे ते उत्तर. मुंबईच्या गिरणीमालकांनी कोकणच्या कामगारांविषयी हे अनेक वर्षे म्हटले. होळी आली, गणपती आले की गिरणीतील माग रिकामे पडत. त्यावर गिरण्यांनी बदली कामगारांची पद्धत काढली. रोज सकाळी दरवाजाशी माणसांची गर्दी उभी राही आणि जॉबर त्यांतून आपल्या मर्जीतील माणसे आत घेई. या कारभारात लाचलुचपत बोकाळली, तेव्हा 1935 साली बदली कामगारांना कार्डे देऊन त्यांच्या नेमणुकीवर नियंत्रण घालण्यात आले. त्यापूर्वी, 1931 साली, व्हिटली यांच्या अध्यक्षतेखालील रॉयल कमिशनने आपला अहवाल दिला होता. कामगाराचे गावाशी असलेले नाते तोडण्याऐवजी त्याला नियमित स्वरूप द्यावे, असा त्याचा अभिप्राय होता. गाव ही कामगाराची आजारपणातील आणि म्हातारपणातील शिदोरी होती. हे त्या कमिशनला उमगले, पण पुष्कळ व्यवस्थापकांना पुढे कित्येक वर्षे उमगले नाही.

भिलाईच्या बाबतीत तर हे ठराविक उत्तर फारच लंगडे पडते. इंग्रज इतिहासकार ई. पी. थॉमसन यांनी 1967 साली असे मांडले की, शेतकऱ्याचा वेळ कामाच्या ओघाने चालतो, कारखान्याचा घड्याळाने. आणि या संक्रमणात माणसाला मोठी किंमत मोजावी लागते. मानवशास्त्रज्ञ जॉनथन पॅरी यांनी भिलाईत दीर्घकाळ राहून जो अभ्यास केला, त्यातील एक निबंध 1999 साली प्रसिद्ध झाला. त्यांना येथे वेगळे चित्र दिसले. तेथील तरुणांना चिखलात वाकून भाताची लावणी करणे हेच अधिक कष्टाचे आणि कंटाळवाणे वाटत होते. पोलाद कारखान्यातील कायम कामगाराचे काम कठीण, पण सलग आठ तास सारखे नसते. भट्टी मागेल तेव्हा जिवाची शर्थ करावयाची आणि मधल्या वेळात विसावा घ्यावयाचा, गप्पा करावयाच्या. कारखाना म्हणजे तुरुंग अशी भावना तेथे नव्हती. म्हणजे माणूस येत नाही तो घड्याळाला भिऊन नव्हे. कारणे अन्यत्र शोधली पाहिजेत.

त्यांतले पहिले कारण पंचांगात सापडते. आषाढी अमावास्येला हरेली, म्हणजे शेतीच्या अवजारांची पूजा. श्रावणातल्या अमावास्येला पोरा, म्हणजे आपला पोळाच. पाठोपाठ, हरतालिकेच्या तिथीला तीजा येते आणि लेकीबाळी माहेरी जातात. हंगाम संपल्यावर पौषी पौर्णिमेला छेरछेरा. लावणी आणि कापणी यांचे दिवस वेगळेच. या सर्व तिथी वर्षभर आधी ठाऊक असतात. तीजाच्या दिवशी रोजंदारीच्या बायका येणार नाहीत, हे ज्या मुकादमाला ऐनवेळी कळते, त्याने दोष कोणाला द्यावा?

दुसरे कारण झोपेचे. रात्रपाळी संपवून घरी आलेल्या माणसाला वैशाखात, पारा 45 अंशांच्या आसपास असताना, दिवसा झोपावयाचे असते. दोन खोल्यांच्या घरात मुले, स्वयंपाक, शेजारपाजार. चार दिवस अशी अपुरी झोप घेतल्यावर पाचव्या रात्री खाडा पडला, तर त्याला आळस म्हणण्यापूर्वी थोडे थांबावे. पाळ्यांचा क्रम सकाळ, दुपार, रात्र असा पुढे सरकत असेल, तर शरीर तो अधिक सहजतेने स्वीकारते. क्रम उलटा असला की थकवा वाढतो.

दारूचा उल्लेख टाळता येणार नाही. भिलाईला लोहखनिज पुरविणाऱ्या दल्ली-राजहरा येथील खाणकामगारांची मजुरी 1977 नंतरच्या लढ्यामुळे वाढली, आणि वाढलेला पैसा गुत्त्यात जाऊ लागला. तेव्हा शंकर गुहा नियोगी यांच्या नेतृत्वाखालील कामगार संघटनेने स्वतःच दारूबंदीची चळवळ हाती घेतली. त्यात कामगारांच्या स्त्रिया पुढे होत्या. याच संघटनेने 1983 साली शहीद हॉस्पिटल सुरू केले. हाच उपदेश मालकाने केला असता तर कामगारांनी तो कितपत ऐकला असता, याची शंकाच आहे. नियोगी यांची 28 सप्टेंबर 1991 रोजी भिलाईत हत्या झाली. रुग्णालय मात्र पुढेही चालू राहिले.

काही खाडे निव्वळ हिशेबाचेही असतात. जादा कामाला दुप्पट दराने मजुरी मिळते. आज एकाने घरी राहावे, दुसऱ्याने त्याची पाळी करून दुप्पट घ्यावे, आणि पुढच्या आठवड्यात उलट करावे, असा मूक समझोता जेथे होतो तेथे सद्बोध कामाचा नाही. तेथे हजेरीपट आणि जादा कामाचा पट एकत्र ठेवून वाचावे लागतात.

याच्या अगदी विरुद्ध टोकाला ठेकेदाराचा मजूर आहे. ऐंशीच्या दशकानंतर भिलाई कारखान्यातील कायम कामगारांची संख्या निम्म्याहून खाली आली आणि ठेकेदारी वाढली. ठेक्यावरचा मजूर आला नाही तर त्याचा रोज बुडतो, दुसरा उभा केला जातो, आणि कारखान्याच्या दृष्टीने जागा भरलेली असते. त्याचा खाडा कोणत्याही टक्केवारीत दिसत नाही. ताप अंगात घेऊन तो कामावर येतो, हेही दिसत नाही. झोतभट्टीच्या वायूत कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला ना रंग, ना वास. भिलाईत 12 जून 2014 रोजी वायुगळतीने सहा जणांचे प्राण घेतले. अशा ठिकाणी ग्लानीत असलेला हजर मनुष्य गैरहजर माणसापेक्षा अधिक धोक्याचा ठरू शकतो. म्हणून शंभर टक्के हजेरीबद्दल बक्षीस देण्याची जी प्रथा पुष्कळ कारखान्यांत आहे, ती जपूनच वापरावी. बक्षिसाच्या मोहाने आजारी माणूस भट्टीवर यावा, हे कोणाच्याच हिताचे नाही.

मग करावयाचे काय? 1943 साली अमेरिकेत, युद्धसामग्रीची निकड असताना, हार्वर्ड विद्यापीठाचे एल्टन मेयो आणि त्यांचे सहकारी यांनी धातुकामाच्या तीन कारखान्यांतील गैरहजेरी तपासली. कामाचे स्वरूप बरेचसे सारखे असूनही एका कारखान्यातील प्रमाण कमी होते. तेथील फोरमनांना माणसांचे ऐकून घेण्याचे शिक्षण दिलेले होते, आणि कोणी कोणत्या दिवशी सुटी घ्यावी हे आपसांत आधी ठरे. कामगार एकेकटे नव्हते, त्यांची टोळी झालेली होती. टोळीतला माणूस न येण्यापूर्वी आपल्या सोबत्याचा विचार करतो.

भिलाईसारख्या ठिकाणी याचा व्यवहारी अर्थ असा की, भाताच्या हंगामाची आणि सणांची रजा उन्हाळ्यातच वाटून घ्यावी. रोज नव्वद जागा भरावयाच्या असतील आणि गैरहजेरी दहा टक्के असेल, तर पटावर शंभर माणसे हवीत. नव्वदच ठेवून उरलेल्यांना दोष देत बसणे हा हिशेबाचा दोष आहे. 1948 च्या कारखाने कायद्यात भरपगारी रजेसाठी वर्षाला 240 दिवस कामाची अट होती. 2020 साली संमत झालेल्या संहितेत ती 180 दिवसांवर आली. हा बदल ठेकेदाराच्या हजेरीपटापर्यंत पोहोचला पाहिजे. आणि खाडा करून परत आलेल्या माणसाशी त्याच दिवशी, एकांतात, त्याच्या फोरमनने पाच मिनिटे बोलावे. काय झाले, घरी कोण आजारी आहे, पुन्हा असे होण्याचा संभव आहे काय, एवढेच विचारावे. उत्तर लिहून ठेवावे. सहा महिन्यांनी त्या नोंदी एकत्र वाचल्या, तर कोणत्या पाळीत, कोणत्या भट्टीवर, कोणत्या महिन्यात माणसे घरी राहतात ते उघड होते; आणि क्वचित असेही आढळते की, एकाच फोरमनच्या हाताखालचे हजेरीपट सर्वांत अधिक रिकामे आहेत.