परसांतला वसंत आणि मनांतला शिशिर



फाल्गुन लागतो न लागतो तोंच सिल्लोडास एकाच दिवसांत दोन ऋतु नांदूं लागतात. पहांटे खांद्यावरची शाल बाजूस ठेववत नाहीं, आणि दुपारीं बारा वाजतां अंगणांतली फरशी अनवाणी पायांस सोसवत नाहीं. शिशिर गेला म्हणावें, तर कडुलिंबाखालीं पिवळ्या पानांचा खच अजून पडतोच आहे. वसंत आला म्हणावें, तर पंचांगांतला चैत्र अजून दूर आहे. ह्या सांध्यावरच्या दिवसांविषयीं, आणि त्या दिवसांत आपल्या परसांत वावरणाऱ्या जीवांविषयीं आज बोलावयाचें आहे.

हा विषय निवडण्याचें कारण प्रथमच सांगून टाकतों. अलीकडे चार सुशिक्षित माणसें एकत्र बसलीं कीं राजकारणाची गोष्ट निघते, आणि थोड्याच वेळांत ती ‘जाऊं द्या, त्यांत कांहीं अर्थ नाहीं’ ह्या वाक्यापाशीं येऊन थांबते. ह्या उद्गारास कारणें नाहींत असें नाहीं. २०२२ सालीं एक आणि २०२३ सालीं दुसरा, असे महाराष्ट्रांतले दोन मोठे पक्ष उभे दुभंगले; आपण दिलेलें मत शेवटीं कोणाच्या पदरांत पडलें, हें मतदारासच उमजेनासें झालें. मग माणूस वर्तमानपत्राची घडी करून ठेवतो आणि परसांत येऊन उभा राहतो. हें परसाकडे वळणें म्हणजे पळ काढणें आहे काय, असा प्रश्न मला पडला. त्याचें उत्तर शोधण्यापूर्वीं परसांत काय चाललें आहे तें नीट पाहूं.

आधीं हवामान. सिल्लोड हें अजिंठ्याच्या डोंगररांगेलगतच्या पठारावर वसलेलें आहे. उंची समुद्रसपाटीपासून सुमारें सहाशे मीटर. ह्या रांगेच्या दक्षिण उतारावरचें पाणी पूर्णेवाटे गोदावरीस मिळतें आणि उत्तरेकडचें वाघूर नदीवाटे तापीस जातें. समुद्रापासून दूर अशा ह्या पठारावर माघ-फाल्गुनांत हवा अत्यंत कोरडी असते. हवेंतील बाष्प हें पृथ्वीच्या अंगावरचें पांघरूण होय. तें विरळ असलें म्हणजे दिवसा तापलेली जमीन रात्रीं आपली उष्णता मोकळ्या आकाशांत सोडून देते आणि पहांटेपर्यंत गार पडते. उलट सकाळीं ऊन चढूं लागलें कीं तीच जमीन झपाट्यानें तापते. कारण ओल्या मातींत जी उष्णता पाण्याची वाफ करण्यांत खर्च झाली असती, ती आतां सरळ मातीस तापविते. पहांटेची शाल आणि दुपारची छत्री ह्या दोहोंचें मूळ असें एकाच कोरडेपणांत आहे.

ह्या निरभ्र दिवसांत एक भय दडलेलें असतें, तें गारपिटीचें. भूमध्य समुद्राकडून निघून पश्चिमेकडून पूर्वेस सरकणारे वाऱ्यांचे विक्षोभ कधीं कधीं दक्षिणेपर्यंत आपला प्रभाव दाखवितात. वरच्या थरांत थंड हवा, खालीं तापूं लागलेली जमीन, आणि त्यांत बंगालच्या उपसागरावरून आलेलें बाष्प, असा योग जुळला म्हणजे उंच ढग उभे राहतात आणि गारा कोसळतात. २०१४ च्या फेब्रुवारीअखेर व मार्चमध्यें मराठवाड्यानें हा प्रकार दिवसच्या दिवस सोसला. उभा गहू, हरभरा आणि फळबागा झोडपून निघाल्या. तेव्हां आमचा वसंत हा केवळ कवींचा वसंत नव्हे. शेतकरी त्याच्याकडे एक डोळा आभाळावर ठेवूनच पाहतो.

आतां झाडें. पावसास अजून तीन महिन्यांहून अधिक अवकाश असतां, जमीन कोरडी पडत चालली असतां, कडुलिंब आणि पिंपळ तांबूस कोवळी पालवी कशी धरतात, ह्याचें नवल वाटतें. जुनीं पानें गाळल्यानें झाडाचा पाण्याचा खर्च एकदम कमी होतो. मुळांनीं खोलवरून आणलेलें आणि खोडांत सांठलेलें पाणी मग नव्या अंकुरांच्या कामीं येतें. डोंगरउतारावरचा पळस आणि कांटेसावर तर पानांचा पसारा आवरून मगच फुलतात. त्यामुळें तीं तांबडीं फुलें मधासाठीं येणाऱ्या पाखरांच्या नजरेंत लांबूनच भरतात. पानगळ ही आपणांस झाडाची विपन्नावस्था वाटते. वस्तुतः ती त्याची काटकसर असते.

परसांतल्या शेवग्यावर ह्याच सुमारास पांढुरक्या फुलांचे घोस लोंबतात आणि त्यांच्याभोवतीं जांभळा शिंजीर रुंजी घालतो. पावसाळ्यानंतर नराचा वेष मादीसारखाच फिकट असतो, गळ्यावर एक काळसर पट्टा तेवढा उरतो. आतां विणीचा काळ जवळ येतांच तो पुन्हां निळ्याजांभळ्या झळाळीनें नटतो. दुपारीं कोठून तरी ‘टुक्‌ टुक्‌ टुक्‌’ असा तांब्याच्या भांड्यावर हातोडी पडावी तसा आवाज येऊं लागतो, तो तांबटाचा. हा पक्षी ओरडतांना चोंच मिटलेलीच ठेवतो. गळा तेवढा फुगतो. पहांटे दयाळ गातो. हिंवाळा घालविण्यास उत्तरेकडून आलेले धोबी पक्षी परतीच्या तयारीस लागतात, आणि ज्वारीवर थव्यांनीं उतरणाऱ्या भोरड्या, ज्यांना कोणी पळसमैना म्हणतात, त्या मध्य आशियाकडे निघण्यापूर्वीं पळस-सावरीच्या फुलांवर गर्दी करतात.

ह्या सर्वांस वेळ कळते कशी? ह्याचें मुख्य उत्तर दिवसाच्या लांबींत आहे. आपल्या अक्षांशावर डिसेंबरअखेरचा दिवस अकरा तासांहून थोडा कमी असतो. मार्चच्या तिसऱ्या आठवड्यांत तो बारा तासांवर कांहीं मिनिटें जातो. एवढा फरक आपणांस जाणवत नाहीं, पाखरांस जाणवतो. कॅनडांतील एडमंटन येथें विल्यम रोवन ह्या शास्त्रज्ञानें १९२० नंतरच्या दशकांत एक प्रयोग केला. कडाक्याच्या थंडींत, उघड्यावरच्या पिंजऱ्यांत त्यानें जंको नांवाचीं लहान पाखरें ठेविलीं आणि रोज सायंकाळीं दिवे लावून त्यांचा दिवस थोडा थोडा लांबविला. बाहेर बर्फ असतांही त्या पाखरांच्या शरीरांत वसंत सुरू झाला. त्यांचीं जननेंद्रियें वाढूं लागलीं. पुढें असें दिसून आलें कीं पक्ष्यांस हा प्रकाश केवळ डोळ्यांनींच कळतो असें नाहीं. तो कवटींतून आंत जाऊन मेंदूच्या खोल भागांतील पेशींसही जागवितो. आपल्या उष्ण प्रदेशांत अन्न आणि पाऊस ह्यांचाही वाटा मोठा असतो. पण पहिली सूचना बहुधा उजेडाचीच.

येथें कोणी म्हणेल, पहा, निसर्ग आपली मुदत चुकवीत नाहीं आणि आपण मात्र चुकवितों! हा टोला अगदींच अनाठायीं नाहीं. १९९२ च्या चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीप्रमाणें नगरपालिकांची मुदत पांच वर्षांची आहे आणि ती संपण्यापूर्वीं नवी निवडणूक झाली पाहिजे. परंतु छत्रपति संभाजीनगरच्या महानगरपालिकेची मुदत २०२० च्या एप्रिलांत संपली, आणि तेथें मतदान झालें तें २०२६ च्या जानेवारींत. प्रथम महामारी आडवी आली, मग आरक्षणाचा व प्रभागरचनेचा वाद न्यायालयांत राहिला. अखेर ६ मे २०२५ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें निवडणुका घेण्याचा आदेश दिला. मधल्या काळांत राज्यांतील कितीएक गांवांचा आणि शहरांचा कारभार प्रशासकांनीं पाहिला. तक्रार कोणाकडे न्यावी, हेंच नागरिकास कळत नव्हतें. मनांतला शिशिर म्हणतों तो हाच.

पण म्हणून निसर्गास साधुत्व देऊं नये. दयाळाचें तें गोड गाणें आपल्यासाठीं नसतें. एवढ्या आवारावर माझी सत्ता, दुसऱ्या नरानें येथें पाऊल टाकूं नये, असा त्याचा अर्थ असतो; तो त्याचा सातबाराच म्हणा ना! कोकिळेची मादी आपलीं अंडीं कावळ्याच्या घरट्यांत घालून मोकळी होते. तेव्हां तंटा आणि लबाडी ह्यांना कंटाळून कोणी परसांत येत असेल, तर त्याला तेथेंही त्या भेटतीलच. परस आपणांस शांति देईल असा भरंवसा मी देत नाहीं. तें दुसरें कांहीं तरी देतें, आणि तें काय, हें ज्यांना राजकारणाची झळ आपल्याहून पुष्कळ अधिक लागली होती अशांच्या उदाहरणावरून कळतें.

१९४२ च्या ऑगस्टांत पंडित नेहरू आणि त्यांचे सहकारी अहमदनगरच्या, म्हणजे आतांच्या अहिल्यानगरच्या, किल्ल्यांत बंदिवान झाले. त्या उजाड आवारांतली दगडगोट्यांची जमीन खणून त्यांनीं फुलझाडांचे वाफे केले. ज्या हातानें कुदळ धरली त्याच हातानें १९४४ सालीं ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ हा ग्रंथ लिहिला. दुसरें उदाहरण जर्मनींतील रोझा लुक्झेंबुर्गचें. पहिल्या महायुद्धास विरोध केल्याबद्दल ती व्रोंके येथील तुरुंगांत होती. १९१७ च्या फेब्रुवारींत, बाहेर अजून थंडी असतां, एका लहानशा वल्गुली पक्ष्याच्या आवाजांत तिला येणाऱ्या वसंताची चाहूल लागली, आणि तिनें तें मैत्रिणीस पत्रानें कळविलें. त्या पक्ष्याचा भाऊबंद, राखी वल्गुली, आपल्याही डोंगरांत आहे. पण मला महत्त्वाचें वाटतें तें तिचें त्याच वर्षींच्या मे महिन्यांतलें पत्र. गाणारे पक्षी कमी कां होत आहेत, ह्याविषयीं ती वाचीत होती. आणि व्यवस्थित वनशास्त्र, बागाईत व शेती ह्यांनीं पोकळ झाडें, पडीत जागा व झुडपें नाहींशीं करून पाखरांचें घर हिरावून घेतलें, हें वाचून तिला दुःख झालें. पाखरूं ऐकतां ऐकतां ती पुन्हां माणसाच्या कारभारापाशीं येऊन पोंचली.

हेंच परसाचें देणें होय. तांबटाचेंच पहा. हा पक्षी घरटें बांधीत नाहीं; वाळलेल्या, मऊ पडलेल्या फांदींत भोंक कोरून तो त्यांत अंडीं घालतो. आपण अंगण नीटनेटकें करण्यासाठीं ती वाळकी फांदी तोडतों, पालापाचोळा जाळतों, उरलेल्या मातीवर फरशी घालतों, आणि दोन वर्षांनीं म्हणतों, अलीकडे तांबट ऐकूं येत नाहीं. येथवर दोष आपला. पण रस्त्याकडेचा जुना लिंब कोणाच्या परवानगीनें तोडला गेला, हें विचारूं लागलें कीं आपण आपोआप नगरपालिकेच्या दारांत उभे राहतों. महाराष्ट्रांतील शहरी भागांतल्या झाडांसाठीं १९७५ सालचा कायदा आहे. त्याप्रमाणें वृक्ष प्राधिकरण असावें लागतें, परवानगीवांचून झाड तोडतां येत नाहीं, आणि दर पांच वर्षांनीं वृक्षगणना व्हावयास हवी. २०२१ च्या दुरुस्तीनें पन्नास वर्षें व त्याहून अधिक वयाच्या झाडांस वारसा वृक्षांचा मान दिला. निवडून दिलेलीं माणसें असोत वा नसोत, हे अधिकार कोणी तरी वापरीतच असतो. आपण पाहत नसलों तर आपल्या पाठीमागें वापरतो.

मराठवाड्यास ही गोष्ट नवी नाहीं. १९४८ च्या फाल्गुनांत अजिंठ्याच्या डोंगरांतला पळस नेहमीप्रमाणें फुलला असेल. देश स्वतंत्र होऊन कांहीं महिने लोटले होते, पण सिल्लोड अद्याप निजामाच्या राज्यांतच होतें. १७ सप्टेंबर उजाडला तो पळसाच्या फुलण्यानें नव्हे, माणसांच्या प्रयत्नानें. ऋतु आपोआप येतो. कारभार आपोआप सुधारत नाहीं.

तेव्हां परसांत अवश्य जावें. भय नसेल तेथें वाळकी फांदी राहूं द्यावी, पसरट भांड्यांत सावलीला पाणी ठेवावें, पाचोळा न जाळतां झाडाच्या बुडाशीं लोटावा. वहींत तांबटाचा पहिला आवाज कोणत्या तारखेस आला, शिंजीर केव्हां रंगला, हें टिपावें. आणि त्याच वहीच्या दुसऱ्या पानावर एक प्रश्न लिहून ठेवावा: आपल्या प्रभागाची वृक्षगणना शेवटची कधीं झाली? नवे सभासद आतां निवडून आलेले आहेत. ते मत मागण्यास आपल्या दारीं आले होते. हा प्रश्न घेऊन एकदां आपण त्यांच्या दारीं जावें.