पांढऱ्या वाळूखालचा सह्याद्री

मालेच्या विमानतळावरून रिसॉर्टकडे नेणारं छोटं सीप्लेन पाण्यावरून धावत सुटतं आणि बघता बघता वर उठतं. त्याचा पायलट बहुधा अनवाणी असतो. तिथली रीतच आहे ती. पण त्याच्या पायांकडे बघायला फुरसत कुणाला? खिडकीखाली गडद निळ्या समुद्रावर फिकट हिरव्या-निळ्या रंगाचं एक भलंमोठं कंकण दिसायला लागतं. मग दुसरं. मग कंकणाच्या आत आणखी छोटी कंकणं. चहूकडे खोल समुद्र आणि त्याच्या मधोमध ही वर्तुळं. काढली कुणी?

मालदीवमध्ये अशी 26 कंकणद्वीपं आहेत आणि त्यांच्या काठाकाठानं सुमारे 1,200 बेटं. देशातली सर्वांत उंच नैसर्गिक जमीन समुद्रसपाटीपासून जेमतेम अडीच मीटर! 1972 साली इथं पहिलं रिसॉर्ट उघडलं. आज पुण्या-मुंबईकडच्या लग्नानंतरच्या अल्बममध्ये इथला माडाला बांधलेला झोपाळा हटकून सापडतो. त्या फोटोत दिसतं ते सगळं खरंच असतं. पण जे दिसत नाही ते कितीतरी थरारक आहे, आणि त्याची सुरुवात होते तुमच्या तळपायांपाशी.

भर दुपारी चपला काढून किनाऱ्यावर चालून बघा. मे महिन्यात गणपतीपुळ्याला उड्या मारत पाण्याकडे पळावं लागतं, तसं इथं होत नाही. ही वाळू इतकी पांढरी आहे की बरंचसं ऊन ती आल्या पावली परत पाठवते. आता प्रश्न असा, की ही वाळू आली कुठून? वाळू म्हटलं की डोंगर झिजायला हवा आणि नदीनं तो चुरा वाहून आणायला हवा. इथं डोंगर नाही. नदी नाही. साधा ओढाही नाही!

उत्तर जरा संकोचानंच सांगावं लागतं. तुम्ही ज्या वाळूवर टॉवेल पसरून पहुडला आहात, तिचा मोठा भाग माशांची विष्ठा आहे.

विश्वास बसत नसेल तर मास्क आणि स्नॉर्केल लावा आणि प्रवाळाच्या कडेला पाण्यात तोंड घाला. सगळ्यात आधी दिसत काही नाही, ऐकू येतं. करकर, कटकट, कुणीतरी खडे चावत असल्याचा आवाज. तो असतो पॅरटफिशचा, म्हणजे पोपटमाशाचा. हिरवा-निळा-गुलाबी रंग आणि खरोखरच पोपटाची वाटावी अशी चोच. ही चोच सुमारे हजार दात एकमेकांना घट्ट चिकटून बनलेली असते. मासा त्या चोचीनं खडक झालेलं प्रवाळ खरवडतो. त्याला हवं असतं ते त्यावरचं आणि आतलं शेवाळ, सूक्ष्म जीव. पण ते मिळवायचं तर दगडही गिळावा लागतो. मग घशातल्या दातांच्या दुसऱ्या संचात त्या दगडाचं पीठ होतं. या माशाला जठरच नसतं, त्यामुळे खाल्लेलं थेट आतड्यात जातं, कामाचं तेवढं शोषलं जातं आणि उरलेली स्वच्छ पांढरी भुकटी मागच्या बाजूनं ढगासारखी बाहेर पडते. स्नॉर्केलिंग करताना हे डोळ्यांदेखत घडताना दिसतं. एक मोठा पोपटमासा वर्षभरात शेकडो किलो वाळू तयार करू शकतो. वक्कारू नावाच्या बेटाभोवती शास्त्रज्ञांनी हिशेब मांडला, तेव्हा तिथं नव्यानं तयार होणाऱ्या वाळूपैकी 85 टक्क्यांहून अधिक वाळू एकट्या पोपटमाशांची निघाली. यातल्या काही जाती रात्री स्वतःभोवती पारदर्शक चिकट कोष तयार करून त्यात झोपतात, म्हणजे रक्त शोषणारे बारीक जीव जवळ येत नाहीत. दिवसभर देश बांधायचा तर झोप नीट हवीच!

आणि बांधलेला हा देश जागचा हलतो, बरं का. नैर्ऋत्य मोसमी वारे सुरू झाले की लाटा बेटाच्या पश्चिमेची वाळू उचलून पूर्वेकडे नेतात. हिवाळ्यात वारा फिरला की तीच वाळू पुन्हा उलटी निघते. बा नावाच्या कंकणद्वीपात ही ये-जा चक्क मोजलेली आहे. त्यामुळे डिसेंबरातल्या फोटोत ज्या व्हिलासमोर ऐसपैस किनारा आहे, त्याच्यासमोर जुलैत पाणी पायरीला लागलेलं असू शकतं आणि किनारा बेटाला वळसा घालून पलीकडे गेलेला असतो. बेट टिकतं ते या हालचालीमुळेच. वाळू अडवायला भिंती बांधणाऱ्यांना हे कुणीतरी समजावून सांगायला हवं.

या बेटांना समुद्र गिळत कसा नाही? पोहत थोडं पुढे गेलात की पांढरी फेसाची रेघ दिसेल. ती प्रवाळाची भिंत. हजारो किलोमीटरवरून आलेली लाट त्या भिंतीवर आपटते आणि तिथंच तिची नव्वद टक्क्यांहून जास्त ताकद संपते. तुमच्यापर्यंत पोचतात त्या नुसत्या गुदगुल्या. भिंतीच्या आतलं लगून उथळ असतं, तळाशी पांढरी वाळू. पाणी उन्हातला तांबडा रंग पिऊन टाकतं, वाळू उरलेला निळा-हिरवा वर पाठवते, आणि तो रंग बघायला लोक कर्ज काढून येतात. याच उथळ पाण्यात कवड्या सापडत. शतकानुशतकं त्या इथून जहाजं भरभरून बंगालला जात आणि तिथं पैसा म्हणून चालत. त्या बदल्यात मालदीवला तांदूळ मिळे, असं चौदाव्या शतकात इथं काझी म्हणून राहिलेल्या इब्न बतूतानं लिहून ठेवलंय.

पण खरं कोडं पुढेच आहे. प्रवाळ हा इवलासा प्राणी. त्याच्या अंगात सूक्ष्म शैवाल राहतं, ते उन्हावर अन्न बनवतं आणि घरमालकाला जेवू घालतं. म्हणजे प्रवाळाला ऊन हवं, म्हणून उथळ पाणी हवं. आणि इथं तर भिंतीच्या बाहेर समुद्र शेकडो मीटर, पुढे हजारो मीटर खोल! अंधाऱ्या तळापासून प्रवाळानं इमारत चढवली तरी कशी?

हे कोडं सोडवलं चार्ल्स डार्विननं, आणि तेही एकही प्रवाळबेट बघण्याआधी, दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्यावर असताना! 1842 साली त्यानं ते पुस्तकात मांडलं. त्याचं म्हणणं असं: आधी समुद्रात ज्वालामुखीचा डोंगर उभा राहतो. त्याच्या काठाला उथळ पाण्यात प्रवाळ वाढतं. मग डोंगर हळूहळू खचू लागतो आणि प्रवाळ उन्हाच्या ओढीनं आपल्याच पूर्वजांच्या सांगाड्यांवर वर वर चढत राहतं. शेवटी डोंगर दिसेनासा होतो, कडं उरतं. खरं-खोटं करायचं तर भोक पाडून बघायला हवं. कुणा गडगंज श्रीमंतानं एवढं करावं, अशी इच्छा डार्विननं 1881 साली एका पत्रात बोलून दाखवली. ती पुरी झाली 1952 मध्ये. पॅसिफिकमधल्या एनिवेटॉक बेटावर अमेरिकेनं हायड्रोजन बॉम्बच्या चाचणीआधी ड्रिलिंग केलं. जवळजवळ 1,400 मीटर चुनखडी लागली आणि तिच्याखाली ज्वालामुखीचा काळा बेसाल्ट.

मालदीवमध्येही तेल शोधणाऱ्यांनी भोक पाडलं. इथं चुनखडीचा थर निघाला दोन किलोमीटरहून जास्त. कळसूबाई उभीच्या उभी त्यात बुडेल. हा सगळा थर सजीवांच्या सांगाड्यांचा, आणि त्याच्या बुडाशी सुमारे 5.7 कोटी वर्षांपूर्वीचा काळा कातळ. (वरच्या कंकणांचा घाट मात्र एकट्या खचण्यातून आलेला नाही. हिमयुगांत समुद्र शंभर मीटरहून जास्त खाली गेला, तेव्हा उघड्या पडलेल्या चुनखडीचा मधला भाग पावसानं विरघळवला, असं आता मानतात.)

तो काळा कातळ कुठला, माहीत आहे? आपला!

मॉरिशसच्या शेजारी रियुनियन नावाचं बेट आहे. तिथला ज्वालामुखी आजही दर थोड्या काळानं लाव्हा ओकतो. त्याच्याखाली पृथ्वीच्या पोटातून वर येणारा तप्त झोत कोट्यवधी वर्षं जवळपास त्याच जागी आहे. शिलाई मशीनची सुई जागच्या जागी खालीवर होते, कापड पुढे सरकतं आणि टाक्यांची रांग उमटते, तसं इथं झालं. कापड म्हणजे भारताला घेऊन वर्षाला पंधरा सेंटिमीटरहून अधिक वेगानं उत्तरेकडे निघालेला पृथ्वीच्या कवचाचा तुकडा. सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी सुईवर आपला भाग होता. पहिला टाका पडला तो दख्खनचा: सह्याद्री, रायगडाचा कडा, वेरूळच्या कैलासाचा दगड. मग लक्षद्वीप. मग मालदीव. मग चागोस. अगदी अलीकडे मॉरिशस, आणि आत्ता रियुनियन. दख्खनचा टाका खंडावर पडला म्हणून उंच राहिला. मालदीवचा समुद्रतळावर पडला. तो निवत गेला, जड होत खचत गेला. प्रवाळ त्याच्या डोक्यावर चढत राहिलं, सरासरी काढली तर लाख वर्षांत साडेतीन मीटर. त्या झोपाळ्यात झोके घेताना तुमच्या खाली दोन किलोमीटरवर बुडालेला सह्याद्रीचा धाकटा भाऊ असतो!

नातं एवढ्यावर संपत नाही. याच समुद्रतळाच्या थरांमध्ये शास्त्रज्ञांना सुमारे 1 कोटी 29 लाख वर्षांपूर्वी अचानक बदल दिसला: जोरदार प्रवाह सुरू झाले, काही प्रवाळकडी त्यांपुढे टिकली नाहीत. आपल्याला ठाऊक असलेला मोसमी वारा त्या सुमारास जोमात आला, असा त्यांनी त्यावरून निष्कर्ष काढला. मृगाच्या पावसाचा जन्मदाखला मालदीवच्या चिखलात निघाला म्हणायचा.

म्हणूनच मालदीवला कधी जावं, याबाबत माझं मत ट्रॅव्हल एजंटांच्या उलट आहे. ते डिसेंबर ते एप्रिल म्हणतील. आकाश निरभ्र, भाव चढे. मी म्हणेन, ऑगस्ट-सप्टेंबरात जा आणि बा कंकणद्वीपातला हनिफारू उपसागर गाठा. नैर्ऋत्य वाऱ्यांचे प्रवाह आणि भरती मिळून प्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव, त्या छोट्याशा उपसागरात कोंडतात. मग ते खायला मांटा रे येतात. आपल्या मासळीबाजारात दिसणाऱ्या पाकटाचे हे अवाढव्य नातलग, तीन-चार मीटर रुंद, आणि तरी निरुपद्रवी. खाणं भरपूर असलं की डझनावारी मांटा एकामागोमाग एक गोल फिरू लागतात. त्या फेऱ्यांनी पाण्यात भोवरा तयार होतो आणि प्लवक आयतंच त्यांच्या तोंडात जातं. टाकी लावून बुडी मारायला तिथं मनाई आहे. वर तरंगत नुसतं खाली बघायचं. ट्रिप सकाळी की दुपारी, हे त्या दिवशीची भरती ठरवते, तेव्हा रिसॉर्टच्या नोंदवहीत नाव आदल्या दिवशीच घालून ठेवा. आणि छत्री न्या; पाऊस लागणारच.