अंडं नको, यीस्ट नको

थंडीत महाबळेश्वर-पाचगणीची स्ट्रॉबेरी पुण्याच्या मंडईत दिसू लागली की घरोघरचे ओव्हनही तापू लागतात. एका वाचक भगिनींनी विचारलं आहे: स्ट्रॉबेरीचं कॉबलर, म्हणजे फळांवर पिठाचे गोळे सोडून भाजलेला गोड पदार्थ, वरून छान तांबूस झालं, पण पिठाचा थर खालून कच्चा राहिला आणि रस पाण्यासारखा पातळ. ओव्हन कमी पडला का?

ओव्हनचा दोष नाही. तो १८० अंशांवर असला, तरी स्ट्रॉबेरीत सुमारे ९० टक्के पाणीच असतं आणि पाणी आहे तोवर फळांचं तापमान शंभराच्या फार वर जात नाही. त्यात फळं फ्रिजमधली असतील, तर उकळी फुटायलाच बराच वेळ लागतो. तोवर वरचं पीठ तांबूस होऊन गेलेलं असतं आणि खालचं गार रस पीत बसलेलं. म्हणून फळं, साखर आणि कॉर्नफ्लोअर आधी ओव्हनमध्ये ठेवावं. रस खदखदू लागला की मगच वर पिठाचे गोळे सोडावेत. कॉर्नफ्लोअरचे कण साठ-सत्तर अंशांना फुगू लागतात, पण रस चांगला दाट होतो तो नव्वदच्या पुढे. नुसते कडेला बुडबुडे दिसले म्हणून भांडं बाहेर काढू नका, मध्यभागीही यायला हवेत.

मला मात्र या पदार्थात सगळ्यात जास्त मोह पडतो तो पीठ फुगवणाऱ्या बेकिंग पावडरचा. बर्मिंगहॅमचे औषधविक्रेते आल्फ्रेड बर्ड यांच्या पत्नीला अंडं सोसत नसे आणि यीस्टही. तिच्यासाठी त्यांनी १८३७ मध्ये कॉर्नफ्लोअरचं बिनअंड्याचं कस्टर्ड तयार केलं आणि १८४३ मध्ये बेकिंग पावडर. सोडा आणि आम्ल, दोन्ही कोरडी, एकाच डब्यात! पाणी लागेपर्यंत शांत, लागताच कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे. यीस्टला ज्याला तास लागतात, ते काम मिनिटांत. किती साधी आणि किती देखणी कल्पना! आजच्या बहुतेक पावडरींत एक आम्ल ओलाव्याने जागं होतं आणि दुसरं उष्णतेने, म्हणून पीठ ओव्हनमध्ये गेल्यावरही फुगत राहतं.

पुण्यातल्या कितीतरी शाकाहारी घरांत बिनअंड्याचा केक होतो, फ्रूट सॅलडसाठी कस्टर्ड पावडरचा डबा फळीवर असतो. या दोन्हींमागे बर्ड आहेत. तरी रसायनशास्त्राच्या इतिहासात त्यांचं नाव क्वचितच निघतं. स्वयंपाकघरातलं रसायन दुय्यम मानण्याची ही सवय मला अन्यायाची वाटते.

बेकिंग पावडर संपली आणि नुसता खायचा सोडा वापरायचा असेल, तर सोबत दही घाला. आम्ल न मिळालेला सोडा साबणासारखा लागतो आणि त्याच्या स्पर्शाने फळाचा लाल रंग जांभळट-करडा होतो. पावसाच्या तोंडावर जांभळांचं कॉबलर करणार असाल, तर सोड्याचा हात आणखी आखडता ठेवा.