बारसं हुकलं, उष्टावण गाठलं

ताईच्या बाळाचं बारसं मी व्हिडिओ कॉलवर पाहिलं. पाळणा जर्मनीत, आई बाळंतपणासाठी तिकडे गेलेली, आणि मी व बाबा दांडिया बाजारातल्या घरात फोन धरून बसलेलो. तिकडे जायची माझी बॅगसुद्धा भरून झाली होती. फक्त व्हिसा नाकारला गेला होता.

मी इंटिरिअर डिझायनर आहे, पण नोकरीत नाही. तीन आर्किटेक्टची ड्रॉइंग्ज करते, शिवाय सुटी कामं. म्हणजे सॅलरी स्लिप नाही, रजेचं पत्र नाही. खात्यात एका महिन्यात लाखभर रुपये, पुढचे दोन महिने शुकशुकाट. अर्जाच्या वेळी नेमका शुकशुकाट होता. बाबा म्हणाले, "मी टाकतो तीन लाख, शिल्लक दिसली म्हणजे झालं." अर्जाच्या आठ दिवस आधी त्यांनी ते टाकले आणि तीन महिन्यांचं स्टेटमेंट जोडून मी अहमदाबादला जाऊन फाइल दिली.

नकाराचा छापील फॉर्म असतो, त्यात कारणांपुढे खुणा करतात. माझी खूण होती : राहण्या-खाण्यासाठी पुरेशी साधनं असल्याचा पुरावा नाही. तीन लाख असून! 90 युरो फी गेली, ती परत मिळत नाही.

आमच्या सीएंनी स्टेटमेंट पाहिलं आणि एकच विचारलं, "बेन, आ पैसा क्यांथी आव्या?" तपासणारा अधिकारीही हेच विचारणार. आयत्या वेळी आलेली मोठी रक्कम उसनी आणून दाखवल्यासारखी दिसते, आणि माझ्या फाइलीत तिचा खुलासा कुठेच नव्हता. बाबांनी मदत करण्यात गैर काहीच नव्हतं, पण मग तसं त्यांचं पत्र, त्यांचं स्टेटमेंट, पेन्शनचा कागद उघडपणे जोडायला हवा होता. आम्ही लपवल्यासारखं केलं.

दुसरी गोम मला ठाऊकच नव्हती. मी 44एडीए कलमाखाली रिटर्न भरते. त्यात ठरावीक व्यवसायांच्या एकूण जमेच्या निम्मी रक्कम उत्पन्न धरता येते, हिशेबाच्या वह्या ठेवायची कटकट नाही. पण बँकेत वर्षाला नऊ लाख वीस हजार आणि रिटर्नमध्ये चार लाख साठ हजार! परक्या देशातल्या माणसाला हे कलम माहीत असेलच असं नाही. त्याला आकडे जुळत नाहीत एवढंच दिसणार.

दुसऱ्या वेळी घाई केली नाही. जुलैत नवं रिटर्न भरलं. तीन वर्षांची रिटर्न्स लावली, स्टेटमेंट तीनऐवजी बारा महिन्यांचं दिलं, म्हणजे चढउतार दिसले तरी वर्षाची बेरीज दिसते. 26एएस जोडला, कारण आर्किटेक्ट माझे पैसे देताना टीडीएस कापतात आणि कुणी किती दिले ते त्यात येतं. माझ्या तोंडी सांगण्यापेक्षा तो कागद बोलका. दोन आर्किटेक्टनी पत्र दिलं की परतल्यावर अमुक कामाची ड्रॉइंग्ज मीच करणार आहे. ही पत्रं मागायला मला फार संकोच वाटला होता, खरं तर त्यांनी दहा मिनिटांत दिली. किमान 30,000 युरोचा प्रवास विमा पहिल्या फाइलीतही होता, तारखा बदलून पुन्हा काढला.

सगळ्यात जास्त वेळ गेला एका पानाच्या पत्रात. महिनावार जमा, 44एडीएचा दोन ओळींत खुलासा, आणि आधी नकार मिळाल्याचं स्पष्ट. बाबा म्हणाले, "ते कशाला सांगायचं?" पण अर्ज नोंदलेला असतोच, मग आपणच सांगितलेलं बरं.

तेव्हापासून सुट्या कामांचे पैसेही मी रोख घेत नाही. कपाटाचं ड्रॉइंग असो नाहीतर देवघराचं, यूपीआय.

व्हिसा मिळाला तो मोजून 26 दिवसांचा, एकाच प्रवेशाचा. बाळ तोवर सहा महिन्यांचं झालं होतं. उष्टावणाची चांदीची वाटी बडोद्याहून मीच नेली. विमानतळावर बाबांनी विचारलं, "त्या तीन लाखांचं काय केलंस?"

"तुमच्या खात्यात परत टाकलेत, बाबा. कधीच."